कोणाच्या मामाचा तलाव?

माझं आजोळ साकोलीकडचं. गावच्या तलावाला सगळे 'मामा तलाव' म्हणायचे, आणि तो आपल्या मामाचाच आहे अशी लहानपणी माझी खात्री होती. पुढे कळलं, मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. तलाव पूर्वी कोणाचा होता ते हे नाव सांगतं. आता कोणाचा, ते सांगत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सुमारे ७ हजार तलाव आहेत. त्यातले पुष्कळ गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन, असा चांद्याच्या राजाचा शिरस्ता होता असं सांगतात. कोहळ्यांनी उतार पाहून मातीची पाळ घातली, पाणी सोडायला तुडूम ठेवलं, जादा पाण्याला सांडवा दिला. वरच्या तलावातून ओसंडलेलं पाणी खालच्या तलावात जाई. धान, ऊस, ढिवरांची मासेमारी, गुरांचं पाणी, सगळं त्यावर चाले. इंग्रजी अमलात मालगुजारांना मालकी हक्क मिळाले.

तो काळ सोन्याचा नव्हता. मालगुजारीत सारा होता तशी वेठही होती. म्हणून १९५० च्या कायद्याने ती संपवली ते योग्यच झालं. १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. नऊ वर्षांत तीन सरकारं! हक्क एका दिवसात बदलला, पण दरवर्षी पाळ कोणी बांधायची, हा प्रश्न लोंबकळत राहिला. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. कागदावर तलाव उरला तो सिंचनाच्या हेक्टरांपुरता. प्रत्यक्षात गाळ साचला, बुडीत जागेत अतिक्रमणं झाली, काठाने बेशरम माजली.

याच काळात सरकारची नजर मोठ्या धरणाकडे होती. १९८८ मध्ये वैनगंगेवरच्या गोसेखुर्दची पायाभरणी झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. तो पुढे १८ हजार कोटींवर गेला. हाताशी असलेल्या तलावांच्या डागडुजीला मात्र पैसा कमी पडायचा.

आता गाळ काढण्याच्या योजना आहेत. पण यंत्राने बूड खरवडलं की पाणवनस्पतीही जातात, आणि त्यांच्या आडोशाला वाढणारे मासे उरत नाहीत. हे ढिवरांना ठाऊक होतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी त्यांच्याकडून ते शिकून घेतलं. अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर बायांसह गावकऱ्यांनी बेशरम उपटली, तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती लावल्या. मग मासे आणि पाखरं परतली.

संस्था काही तलाव जगवून दाखवू शकते. ७ हजारांचं काम तिच्या आवाक्यातलं नाही. ते सरकारचंच आहे, कारण १९५१ मध्ये तलाव त्यानेच स्वतःच्या नावावर करून घेतले. घर घेतलं की छप्पर शाकारणंही आलंच. तेव्हा तलावाचा हिशेब हेक्टरांबरोबर मासे, वनस्पती आणि ढिवरांच्या पोटापाण्याचाही ठेवावा, आणि त्यासाठी दरवर्षी पैसे काढून ठेवावेत.

आजोळचा मामा आता थकलाय. तलावाचं काय, म्हटलं की म्हणतो, "सरकारचा हाय ना बापू, सरकारले इचार."