लाखेच्या तबकड्या आणि तीन मिनिटांचे गाणे

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या जुन्या घराचा माळा उपसला जातो, तेव्हा तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर कधीकधी काळ्या, जड तबकड्यांची चळतही खाली येते. भांड्यांना मोडीचा भाव ठरलेला असतो, तबकड्यांना तो नसतो. त्या वाजविणारे यंत्र घरात उरलेले नसते आणि लेबलावरील नावे ओळखणारी पिढीही बहुधा गेलेली असते. मग ती चळत भंगारात जाते. जाण्यापूर्वी तिच्यात काय आहे, एवढे तरी पाहून घेणे अगत्याचे आहे.

ग्रामोफोन खेड्यापाड्यांत पोहोचला, याचे एक साधे कारण म्हणजे त्याला वीज लागत नसे. चावी फिरवून स्प्रिंग ताणली, पोलादी सुई बसविली, की भोंग्यातून आवाज येई. भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी तेथे गौहर जान व इतर कलावंतांचे गाणे मुद्रित केले. त्यावेळी तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कामगारांना गायिका ओळखता यावी, म्हणून गाण्याच्या शेवटी तिने स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारण्याची पद्धत होती. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि देशी भाषांतील मुद्रिकांचा ओघ वाढला. मुंबईची ‘यंग इंडिया’ ही देशी कंपनी १९३५ नंतर या व्यवसायात उतरली आणि सुमारे दोन दशके टिकली. तिचे लेबल दिसल्यास ती तबकडी निराळी काढून ठेवावी.

मराठी घरांत या यंत्रावर सर्वाधिक वाजले ते नाट्यसंगीत आणि अभंग. देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी बारामती, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर असा मुक्काम आणि रिंगण करीत पंढरीला जाते. या वाटेवरच्या गावांना अभंग तबकडीने शिकविला, असे कोणी म्हणणार नाही. मात्र टाळ-मृदंगाच्या साथीने समूहाने म्हटला जाणारा अभंग एकट्या गायकाच्या आवाजात, हार्मोनियम-तबल्यासह, केव्हाही आणि कितीही वेळा ऐकता येणे ही गोष्ट नवीनच होती. १९३१ च्या ‘संगीत कान्होपात्रा’ने बालगंधर्वांच्या गळ्यातून, तर १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने विष्णुपंत पागनीस यांच्या आवाजातून अभंगाला नवा श्रोता मिळवून दिला.

दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे चालते. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसविणे ही कलावंताची परीक्षाच होती. आलाप आटोपता घ्यावा लागे, लय सुरुवातीपासूनच चढी ठेवावी लागे. म्हणून या मुद्रिका म्हणजे त्या गायकाचे पूर्ण गाणे नव्हे, ही तक्रार खरी आहे. विलंबित ख्यालाची संथ बढत त्यांतून कळत नाही. परंतु अब्दुल करीम खाँ यांच्या मुद्रिका ऐकल्यावर तक्रारीचा जोर ओसरतो. खाँसाहेबांनी मिरजेला घर केले होते, १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची झिंझोटीतील ठुमरी बालवयात तबकडीवर ऐकून भीमसेन जोशी वयाच्या अकराव्या वर्षी गदगचे घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. किराणा घराण्याच्या पुढच्या पिढीचे एक मोठे नाव त्या तीन मिनिटांनी घडविले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जे मुद्रित झाले नाही, त्याची हानी किती मोठी आहे हे दोन नावांवरून कळते. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये वारले, जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ १९४६ मध्ये. दोघांच्याही गाण्याची मुद्रिका उपलब्ध नाही. भास्करबुवांचे गाणे मास्तर कृष्णराव व बालगंधर्व यांच्यात, खाँसाहेबांचे केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्यात शोधावे लागते. मूळ आवाज कायमचा गेला. केसरबाईंनी तरी मोजक्याच मुद्रिका दिल्या आणि पुढे ध्वनिमुद्रणाला नकारच दिला.

मुंबई-पुण्याच्या संग्राहकांच्या कपाटात शास्त्रीय गाण्याशेजारी जॅझचा कप्पा असतो, तो खेड्यातील वाचकाला परका वाटेल. प्रत्यक्षात तो तितका परका नाही. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले आणि १९३६ मध्ये त्यांच्या वादनाच्या तबकड्याही मुंबईत निघाल्या. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवीत. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’साठी त्यांना सोबत घेतले. भगवानदादांच्या पावलांवर ठेका धरणाऱ्या कित्येक मराठी प्रेक्षकांनी जॅझ ऐकले, फक्त त्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. पुढे १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. दोन्ही प्रकारचे संगीत एकाच दुकानात धुंडाळता येईल अशी जागा म्हणजे काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस. ते २०१६ मध्ये बंद झाले.

संग्रह करू पाहणाऱ्याने प्रथम तबकडीची जात ओळखावी. लाखेची तबकडी जड व ठिसूळ असते, हातातून पडली तर तिचे तुकडे होतात. तिच्यात लाखेबरोबर दगडाची भुकटी व काजळी असते. नंतरची एल.पी. व्हिनाइलची, हलकी व लवचीक. हा भेद लक्षात घेतला नाही, तर साफसफाईतच घात होतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. स्पिरिटचा बोळा फिरविला, तर धुळीबरोबर गाणेही पुसले जाते. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ कापड आणि लगेच कोरडे करणे एवढे पुरेसे आहे. लेबल भिजू देऊ नये. तबकड्या एकावर एक न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. माळा हे त्यांचे सर्वांत वाईट घर. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात त्या वाकतात.

सुईची बाब तितकीच महत्त्वाची. जुन्या तबकडीच्या खोबणीसाठी सुमारे तीन सहस्रांश इंच टोकाची सुई लागते. एल.पी.ची सुई तिच्या तिसऱ्या हिश्शाहून बारीक असते. ती खोबणीच्या तळाशी घासते आणि खरखरीखेरीज काही ऐकू येत नाही. भोंग्याच्या यंत्रातील पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागे. एकाच सुईवर महिनाभर वाजविलेल्या तबकड्यांची खोबणी करवडून गेलेली दिसते.

याहून फसवी गोष्ट वेगाची. मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण सर्वत्र रूढ होण्यापूर्वीच्या, म्हणजे साधारण १९२५ च्या आधीच्या कित्येक तबकड्या निरनिराळ्या वेगांनी कापल्या गेल्या. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला, की स्वर एका अर्ध्या सुराने सरकतो. काळी दोनमध्ये गाणारा गायक पांढरी तीनमध्ये ऐकू येतो, लय वाढते, तान अकारण चपळ वाटते आणि आवाज पातळ होतो. जुने गवई नाकात, घाईघाईने गात, असा जो समज आहे त्यात चुकीच्या वेगाचा वाटा मोठा आहे. जाणकार संग्राहक गायकाची पट्टी आणि साथीच्या वाद्यांचा नैसर्गिक आवाज यांवरून वेग ठरवितात. इंटरनेटवर चढविलेल्या जुन्या मुद्रिका याच कारणाने सावधपणे ऐकाव्यात.

केसरबाईंच्या बाबतीत यासंबंधी एक विलक्षण योग आहे. १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात बाख व बीथोव्हेन यांच्या रचना, लुई आर्मस्ट्राँग यांचे जॅझ आणि केसरबाईंची भैरवी आहे. आवरणावर सुई कशी ठेवावी आणि तबकडी किती वेगाने फिरवावी, हे चित्रांनी कोरले आहे. अज्ञात ग्रहावरील श्रोत्यासाठी घेतलेली ही काळजी घरच्या श्रोत्यासाठी घेतली गेली नाही.

त्यामुळे तबकडीइतकीच तिची नोंद मोलाची ठरते. लेबलावरील कंपनी, कलावंत, राग, मुद्रिका क्रमांक आणि लेबलालगतच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक उतरवून घ्यावा. मॅट्रिक्स क्रमांकावरून मुद्रणाचा काळ बराचसा ठरविता येतो. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनिअर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रिकांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली, ती अशाच क्रमांकांच्या आधारे. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिचे मानद सचिवपद सांभाळले आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाने कलावंतवार याद्या छापल्या.

संगणकावर उतरवून घेताना मूळ ध्वनी कोणतीही खरखर न काढता एकदा जसाच्या तसा साठवावा, सफाई केलेली प्रत वेगळी ठेवावी. खरखर काढणारी साधने अनेकदा तानपुऱ्याचा झंकारही काढून टाकतात. प्रसिद्ध ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क भारतात पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. गीतकार व संगीतकारांचे हक्क मात्र वेगळे असून त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात. मुद्रिका खुल्या प्रसारासाठी देण्यापूर्वी हे दोन्ही हिशेब पाहावे लागतात.