हॉकी स्टिक निवडताना
धनराज पिल्ले खडकीच्या आयुध निर्माणी वसाहतीत मोडक्या स्टिकवर हॉकी शिकले, चार ऑलिंपिक खेळले आणि पुढे गुजरातमध्ये मुलांना घडवू लागले. वडोदऱ्यातील पालकांनीही पहिल्याच खरेदीत महागड्या स्टिकचा मोह टाळावा. स्टिक जमिनीवर उभी केली असता साधारण कमरेच्या हाडापर्यंत यावी. ‘मूल वाढेल’ म्हणून लांब स्टिक घेणे हा खोटा हिशेब. तिने मूल पुरेसे वाकत नाही. नियमाने वजनाची कमाल मर्यादा ७३७ ग्रॅम आहे. मुलांना त्याहून बरीच हलकी द्यावी. सपाट बाजू डावीकडेच असते, त्यामुळे डावखुऱ्यांसाठी निराळी स्टिक नसते. शिनगार्ड व माऊथगार्ड यांत मात्र काटकसर नको. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि टणक असतो.