द्वेषाविना खून : एका संज्ञेचा इतिहास

शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात पालटतात, हे साहित्याच्या अभ्यासकास सांगावयास नको. परंतु ज्या शब्दावर फाशी अवलंबून असे, त्याचाच अर्थ पालटत गेला, याचे उदाहरण आम्हांस इंग्लंडच्या फौजदारी कायद्यात आढळते.

सर एडवर्ड कोक यांच्या, मृत्यूनंतर १६४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात खुनाची घटकतत्त्वे एकत्र मांडलेली आहेत. मारणारा शुद्धीवर व जाणत्या वयाचा असावा. मारणे बेकायदेशीर असावे. मरणारा जन्मास आलेला मनुष्य असून राजाच्या शांततेखाली असावा, म्हणजे रणांगणावरील शत्रू नसावा. मृत्यू एक वर्ष व एक दिवसाच्या आत घडावा. आणि कृत्यामागे 'मॅलिस अफोरथॉट' असावे. मुदतीची अट १९९६ मध्ये गेली. शेवटची संज्ञा मात्र टिकून आहे.

शब्दशः तिचा अर्थ 'पूर्वचिंतित द्वेष'. प्रत्यक्षात तिला आज ना द्वेष लागतो, ना पूर्वचिंतन. वेदनेने तळमळणाऱ्या पत्नीस दयेपोटी मारणारा पतीही खुनाच्या व्याख्येत येतो; क्षणार्धात मनात आलेला हेतूही पुरतो. एके काळी दुसरा गंभीर गुन्हा करताना अभावितपणे घडलेला मृत्यूदेखील खून ठरे. हा 'मानीव द्वेष' १९५७ च्या होमिसाइड ॲक्टने संपविला. आता उरला तो केवळ हेतू : ठार मारण्याचा, अथवा गंभीर इजा करण्याचा.

पण हेतू ओळखावा कसा? संतापाच्या भरात तान्ह्या मुलाला फेकणाऱ्या वूलिन नामक बापाच्या खटल्यात ज्यूरीला 'मोठा धोका' असे शब्द सांगितले गेले होते. १९९८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते चूक ठरविले : परिणाम 'जवळजवळ अटळ' असला आणि आरोपीला तशी जाणीव असली, तरच हेतूचा निष्कर्ष काढता येतो. खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर आला. १९६५ नंतर खुनाला फाशी नसली तरी जन्मठेप अनिवार्य आहे; सदोष मनुष्यवधाला ती सर्वसाधारणपणे नाही. एका विशेषणाचे मोल एवढे होते.

हीच संज्ञा मेकॉलेच्या मसुद्यातून घडलेल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेने टाळली. तिच्या कलम ३०० मध्ये 'हेतू' व 'जाणीव' हेच शब्द आले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहेत. इंग्लंडने जुना शब्द ठेवून अर्थ बदलला. येथे शब्दच बदलला. मनुष्याच्या मनात काय होते, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे तेवढाच अवघड राहिला, असे आम्हांस वाटते.