प्रेशर वॉशरची कुळकथा

प्रेशर वॉशर म्हणजे साध्या पाण्याला प्रचंड वेग देणारा पंप. मोटर बहुधा तीन पिस्टन आळीपाळीने पुढे-मागे हलवते. त्यांनी रेटलेले पाणी जाड होजमधून गनकडे जाते आणि नोझलच्या बारीक छिद्राशी अडते. त्या अडण्यातूनच दाब तयार होतो. 100 बार दाबाला नोझलमधून सुटणारी धार सेकंदाला सुमारे 140 मीटर, म्हणजे ताशी जवळपास 500 किलोमीटर वेगाने निघते. नुसत्या उंचीवरून पाणी सोडून एवढा दाब मिळवायचा, तर टाकी एक किलोमीटर उंच हवी. छत्रपती संभाजीनगराजवळचा देवगिरीचा डोंगरही पायथ्यापासून जेमतेम 200 मीटर आहे.

उंचीतून मिळणाऱ्या दाबाचा उपयोग छत्रपती संभाजीनगरात जुना आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्कीत डोंगराकडून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंचावरून पात्यांवर पडे आणि त्या जोरावर जाते फिरून फकीर-यात्रेकरूंसाठी दळण होई. धुलाईच्या यंत्राचे मूळ मात्र उंचीत नाही, वाफेत आहे.

1927 च्या सुमारास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात फ्रँक ओफेल्ट यांनी वाफेच्या दाबावर चालणारे धुलाईयंत्र तयार केले. वाफेच्या उष्णतेने ग्रीस पातळ होते आणि मग थोड्या रेट्यानेही निघून येते, हे त्यामागचे तत्त्व. 1950 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांनी गरम पाण्याचा उच्चदाब वॉशर बनवला; युरोपातला तो पहिला मानला जातो. पुढे थंड पाण्यावर चालणारी स्वस्त यंत्रे पसरली आणि 1984 मध्ये केर्शर कंपनीने घरगुती वापराचे, सहज हलवता येणारे यंत्र बाजारात आणले. या प्रवासात उष्णता गळाली आणि तिचे काम दाबाला करावे लागले. धोका वाढला तो इथेच.

छत्रपती संभाजीनगरात वाळूजचा बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये, तर शेंद्र्याचा स्कोडाचा कारखाना 2001 मध्ये सुरू झाला. हे शहर वाहने घडवणारे शहर बनले. सर्व्हिसिंगची जुनी रीत मात्र इतर शहरांसारखीच होती: गाडी रॅम्पवर चढवायची, कॉम्प्रेसरच्या गनने इंजिनावर रॉकेल किंवा डिझेल मारायचे, ब्रशने घासायचे, मग पाणी. या रीतीत आगीचे भय होते आणि रबरी नळ्या फुगून खराब होत. प्रेशर वॉशर आल्यावर रॉकेलची जागा फेसाने आणि ब्रशची जागा धारेने घेतली.

धारेवर ताबा ठेवायचा तो नोझल आणि अंतर यांनी. धार किती कोनात पसरते त्यानुसार नोझलचे रंग ठरलेले असतात: लाल शून्य अंशाचे, पिवळे 15, हिरवे 25, पांढरे 40 आणि काळे साबणासाठी. शून्य अंशाची सरळ धार रंगाचा पापुद्रा उचलते, म्हणून ती गाडीवर कधीच वापरू नये. 25 अंशांची धार 10 सेंटिमीटरवर साडेचार सेंटिमीटर रुंद असते, तर 30 सेंटिमीटरवर 13 सेंटिमीटर. तोच जोर तिप्पट रुंदीवर वाटला गेल्याने रंग आणि टायरची बाजू वाचते. दुचाकीच्या बेअरिंगवर आणि चेनवर जवळून धार मारल्यास सीलमधून पाणी आत शिरते, ग्रीस निघून जाते आणि पुढे गंज धरतो. धार हातापायावर लागली तर कातडी भेदून आत जाते. बाहेरून बारीकसे छिद्र दिसते, पण आत पाणी आणि घाण पसरलेली असते; अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. म्हणून गन कुणाकडेही रोखू नये आणि थांबताना ट्रिगर लॉक करावा. ओल्या फरशीवर चालणाऱ्या यंत्राला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच.

इंजिन धुण्याचे नियम आणखी कडक आहेत. कार्ब्युरेटरच्या काळात पाणी शिरले तरी प्लग पुसून गाडी चालू होई. बीएस-6 च्या गाड्यांत सेन्सर आणि कंट्रोल युनिट असल्याने वायरी जोडणाऱ्या एका कपलरमधला ओलावाही गाडी बंद पाडू शकतो. इंजिन आधी पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण तापलेल्या धातूवर थंड पाणी पडल्यास तडा जाण्याचा धोका असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. एअर फिल्टर, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि कंट्रोल युनिट प्लास्टिकने झाकावेत. तेलकट भागावर डिग्रीझर लावून मुरू द्यावा आणि मग रुंद नोझलने, कमी दाबावर, दुरून पाणी मारावे. रेडिएटरच्या जाळीवर तिरपी किंवा जवळून धार मारली तर तिच्या पातळ पट्ट्या वाकतात. शेवटी कॉम्प्रेसरच्या हवेने कपलर कोरडे करून मगच गाडी सुरू करावी.

पाण्याच्या बाबतीत हे यंत्र छत्रपती संभाजीनगराला सोयीचे आहे. जायकवाडी धरणातून उपसून आणलेले पाणी नळाला काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे वॉशिंग सेंटरची भिस्त बोअर आणि टँकरवर असते. घरगुती वॉशरला मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर पाणी पुरते. उघड्या पाइपातून त्याहून बरेच जास्त वाहते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर गाडी सावलीत धुऊन लगेच पुसावी. नाहीतर काचेवर आणि रंगावर पांढरे डाग उरतात. धुलाईच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस असते. ते थेट नाल्यात न सोडता तेल अडवणाऱ्या टाकीतून न्यावे आणि वर तरंगणारा थर वेळोवेळी काढावा.