द एनआयडी टेप्स

'द एनआयडी टेप्स: इलेक्ट्रॉनिक म्युझिक फ्रॉम इंडिया १९६९–१९७२' हा भारतातील आरंभकालीन प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे. अहमदाबाद येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन (एनआयडी) या संस्थेच्या स्टुडिओत ही मुद्रणे झाली. ब्रिटिश कलावंत व संगीतकार पॉल पर्गस यांनी त्यांचे संकलन केले असून २०२३ मध्ये 'द स्टेट५१ कॉन्स्पिरसी' या संगीतसंस्थेने ती प्रसिद्ध केली.

पार्श्वभूमी

एनआयडीची स्थापना १९६१ मध्ये झाली. संस्थेच्या उभारणीत गौतम व गिरा साराभाई या भावंडांचा मोठा वाटा होता. त्यांच्या भगिनी गीता साराभाई या पखवाजवादक होत्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्याशी विद्येची देवाणघेवाण केली. केज यांना भारतीय संगीताचा परिचय करून दिला आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले. केज यांचे निकटचे सहकारी, पियानोवादक व संगीतकार डेव्हिड ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादला आले व त्यांनी तेथे मूग सिंथेसायझर व टेप यंत्रे असलेला स्टुडिओ उभारला.

तंत्र

त्या काळातील मूग सिंथेसायझर अनेक स्वतंत्र घटकांचा बनलेला असे. एक घटक ध्वनी निर्माण करी, दुसरा त्यातील ठरावीक कंप्रता गाळी, तर तिसरा त्याची तीव्रता कमीजास्त करी. हे घटक तारांनी एकमेकांस जोडावे लागत. केलेली जोडणी यंत्रात साठवण्याची सोय नव्हती. त्यामुळे तारा काढल्यानंतर त्या नादाची खूण केवळ ध्वनिफितीवर उरे.

आशय

संग्रहात ट्यूडर यांच्यासह गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांच्या रचना आहेत. शर्मा यांची 'आफ्टर द वॉर' व जोशीपुरा यांची 'स्पेस लायनर २००१' या त्यांपैकी उल्लेखनीय होत. मैफिलीसाठी बांधलेल्या बंदिशींपेक्षा नव्या यंत्राची क्षमता अजमावण्याचे प्रयोग असे या मुद्रणांचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

पुनःशोध व महत्त्व

या ध्वनिफिती अनेक दशके संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. चुंबकीय फीत काळाच्या ओघात झिजते व तिच्यावरील ध्वनी क्षीण होत जातो. म्हणून अशा मुद्रणांचे अंकीय रूपांतर वेळीच होणे आवश्यक असते. पर्गस यांनी या संग्रहाचा शोध घेतला व २०२० मध्ये बीबीसी रेडिओ ३ वरील 'इलेक्ट्रॉनिक इंडिया' या माहितीपटातून त्याची ओळख करून दिली.

भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चर्चेत मुंबईच्या चित्रपटसंगीत क्षेत्रातील वादक चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' या ध्वनिमुद्रिकेचा उल्लेख प्रामुख्याने होतो. एनआयडीतील प्रयोग त्याहून सुमारे एक दशक आधीचे आहेत. मात्र त्या वेळी ते श्रोत्यांपर्यंत न पोहोचल्याने पुढील पिढीच्या संगीतकारांना त्यांचा आधार घेता आला नाही. प्रस्तुत संग्रहामुळे या इतिहासातील एक महत्त्वाचा दुवा अभ्यासकांना उपलब्ध झाला आहे.