एसीतला गॅस जातो कुठे?

उन्हाळा जवळ आला की "एसीतला गॅस संपलाय" हे वाक्य घरोघरी ऐकू येऊ लागते. जणू तो स्वयंपाकाचा सिलिंडर आहे, कधी ना कधी संपणारच! मेकॅनिक येतो, गॅस भरतो, अडीच-तीन हजार रुपये घेऊन जातो आणि आपण निर्धास्त होतो. पण एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही की झिजतही नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो, खोलीतली उष्णता शोषून घेतो आणि ती बाहेर नेऊन टाकतो. तो कमी झाला असेल तर त्याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. ही साधी गोष्ट नीट ध्यानात यावी म्हणून आज या यंत्राच्या इतिहासात जरा डोकावू या. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे ती खोड काही जात नाही.

आपण "दीड टनाचा एसी" म्हणतो, पण हा टन यंत्राच्या वजनाचा नाही. तो बर्फाचा आहे. एक टन, म्हणजे दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल तेवढी उष्णता काढण्याची ताकद म्हणजे एक टन. यंत्रे येण्यापूर्वी थंडावा हवा असेल तर खरोखरच बर्फ लागायचा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून १८३३ साली जहाजाने कलकत्त्याला पाठवला. पुढे तो मुंबईला आणि मद्रासलाही येऊ लागला. मद्रासचे बर्फघर आजही समुद्रकाठी उभे आहे. स्वामी विवेकानंद १८९७ साली तिथे राहिले होते, म्हणून आता ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. हा बर्फ वितळायचा आणि पुन्हा विकत आणावा लागायचा. गॅसच्या बाबतीत आपल्या मनात अजून तोच हिशेब आहे असे मला वाटते.

यंत्राने थंडावा निर्माण करण्याची धडपड फ्लोरिडातल्या जॉन गोरी या डॉक्टरने केली. तापाने फणफणलेल्या रुग्णांची खोली थंड राहावी एवढाच त्याचा हेतू होता. बर्फ बनवणाऱ्या यंत्राचे पेटंट त्याला १८५१ साली मिळाले, पण भांडवल काही मिळाले नाही आणि १८५५ साली तो विपन्नावस्थेत वारला. आज आपण ज्याला वातानुकूलन म्हणतो त्याची सुरुवात १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात झाली. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगांवर रंग नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने त्यावर उपाय शोधला. गंमत म्हणजे या यंत्राने पहिली सेवा केली ती माणसाची नव्हे, कागदाची!

यंत्र घरात आले तेव्हा मात्र प्रश्न उभा राहिला तो गळतीचा. १९२० च्या दशकातल्या घरगुती फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. नळीचा सांधा सुटला की माणसे झोपेतच दगावायची. बर्लिनमधल्या एका कुटुंबाच्या अशा मृत्यूची बातमी वाचून साक्षात आइनस्टाइन अस्वस्थ झाले. त्यांनी लिओ झिलार्ड यांच्याबरोबर हलणारे भागच नसलेला, म्हणून गळती होऊ न शकणारा फ्रिज तयार केला आणि १९३० साली त्याचे अमेरिकन पेटंटही घेतले. तो बाजारात काही आला नाही. कारण त्याच वर्षी थॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने भर सभेत एक नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एकाच फुंकरीत सिद्ध झाले. हाच तो फ्रिऑन.

त्यानंतर गळतीची भीतीच गेली. गळला तर गळला, पुन्हा भरू, असा सगळ्यांचा समज झाला. हा समज १९७४ साली हादरला. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हे वायू वर चढून ओझोनचा थर खातात. १९८५ साली अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जगापुढे आले, १९८७ साली माँट्रिअलचा करार झाला आणि १९९२ साली भारतही त्यात सामील झाला. आपल्या घरातल्या जुन्या एसींमध्ये असायचा तो आर-२२ हा त्याच कुळातला, जरा सौम्य. आपल्याकडे नव्या यंत्रांत तो वापरणे १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले आहे. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवतो. तो एक किलो निसटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम होतो. म्हणजे साधारण नऊशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखे! म्हणून २०१६ साली किगालीचा करार झाला आणि भारताने तो २०२१ साली मान्य केला. आता आर-३२ आणि आर-२९० हे वायू आले आहेत. ते हवा कमी तापवतात, पण पेट घेऊ शकतात. त्यातला आर-२९० तर प्रोपेनच, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ.

हा सगळा इतिहास मी का सांगितला? कारण आपल्या दुरुस्तीचे बिल त्यातूनच येते. आमच्या शेजाऱ्यांनी ओळीने तीन उन्हाळे गॅस भरून घेतला. चौथ्या वर्षी आलेल्या एका तरुण मेकॅनिकने नळ्यांमध्ये नायट्रोजन भरला, सांध्यांवर साबणाचे पाणी लावले आणि पाच मिनिटांत बुडबुडे दाखवले. नळीचा एक नट नीट बसलेला नव्हता. तो बसवण्याची मजुरी गॅसच्या किमतीपुढे काहीच नव्हती. आधीच्या तीन वर्षांत गेलेले पैसे अक्षरशः हवेत गेले होते.

तेव्हा "गॅस संपलाय" असे कोणी म्हणाले तर आधी "गळती कुठे आहे?" असे विचारावे. जाळी धुतली आहे ना, बाहेरच्या यंत्रात धूळ साचली नाही ना, हेही पाहावे, कारण थंडावा त्यानेही कमी होतो. गळती बुजवल्यावर व्हॅक्युम पंपाने नळ्या रिकाम्या करून, यंत्रावरच्या पट्टीवर लिहिला असेल तोच गॅस, लिहिला असेल तेवढाच, काट्यावर मोजून भरायला सांगावा. आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा भरणे धोक्याचे आहे. आर-३२ किंवा आर-२९० असेल तर गॅस आत असताना नळीला टाका मारू देऊ नये.

जुना दुरुस्त करावा की नवा घ्यावा हेही यावरच ठरते. कपॅसिटर काही शे रुपयांत बदलतो, तेवढ्यासाठी यंत्र टाकून देऊ नये. पण दहा-बारा वर्षांच्या आर-२२ च्या एसीचा कॉम्प्रेसर गेला किंवा खाऱ्या हवेने कॉईल जागोजागी गळू लागली, तर त्यात आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही. नवा एसी वीजही कमी खातो आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुना देताना त्यातला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेणारा माणूस मात्र शोधावा.

पूर्वी गळतीने घरातली माणसे दगावत, म्हणून ती लगेच कळायची. आता ती कोणाला दिसत नाही, एवढाच फरक पडला आहे. भुर्दंड मात्र आजही पडतोच. आपल्यावर हजारांत, नातवंडांवर किती ते त्यांनाच कळेल.