द्रुतवाचन प्रशिक्षण आणि कार्यालयीन उत्पादकता

द्रुतवाचन प्रशिक्षण : वाचनाचा वेग दुप्पट-तिप्पट करूनही आकलन जसेच्या तसे राखता येते, या गृहीतकावर उभारलेला प्रशिक्षणाचा प्रकार. एक-दोन दिवसांची कार्यशाळा, काही आठवड्यांचा वर्ग किंवा मोबाइलवरचे ॲप अशा रूपांत तो विकला जातो. गिऱ्हाईक मुख्यतः दोन प्रकारचे : परीक्षांना बसणारे विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पैसे राखून ठेवणाऱ्या कंपन्या. कंपन्यांपुढे मांडला जाणारा हिशेब सोपा असतो. कर्मचाऱ्याचे रोजचे दोन-तीन तास ईमेल, अहवाल आणि परिपत्रके वाचण्यात जातात. वेग दुप्पट झाला की त्यातला निम्मा वेळ मोकळा. वाचनावर झालेले संशोधन या हिशेबाला दुजोरा देत नाही. प्रशिक्षणातून मिळते ते बहुतांशी मजकूर चाळण्याचे कौशल्य. कचेरीत त्याचा उपयोग आहे, पण ज्या नावाने आणि ज्या किमतीला ते विकले जाते, तेवढा नाही.

या व्यवसायाला आजचे रूप दिले ते अमेरिकेतील युटा राज्यातल्या शिक्षिका एव्हलिन वुड (१९०९–१९९५) यांनी. त्याआधी ओहायो स्टेट विद्यापीठातले सॅम्युएल रेनशॉ यांनी क्षणभरच चित्र दाखवणारे टॅकिस्टोस्कोप हे यंत्र दुसऱ्या महायुद्धात विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी वापरले होते. पुढे तेच यंत्र वाचनवर्गांतही शिरले. वुडबाईंनी यंत्र बाजूला ठेवून हात पुढे केला. पानावरून हात खाली सरकवत नजर त्याच्या मागे न्यायची, शब्द गटागटाने टिपायचे, मनातल्या मनात उच्चार करायचा नाही आणि मागे वळून पाहायचे नाही, अशी त्यांची पद्धत. १९५९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘रीडिंग डायनॅमिक्स’ ही संस्था सुरू केली. जागा अचूक निवडली होती, कारण कागद वाचणे हाच ज्यांचा धंदा अशी माणसे त्या शहरात पैशाला पासरी. सिनेटर आणि सरकारी अधिकारी वर्गाला येऊ लागले. अध्यक्ष केनेडी मिनिटाला १,२०० शब्द वाचतात, अशी ख्याती झाली. पत्रकार ह्यू सायडी यांच्या लेखनातून पसरलेला हा आकडा कुठल्याही काटेकोर मापनातून आलेला नव्हता. १९७७ मध्ये तर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सहकुटुंब हा अभ्यासक्रम केला, तोही व्हाइट हाउसमध्ये. एवढी जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती.

यश मोजण्याची या संस्थेची रीत मुळातून पाहण्यासारखी आहे, कारण आजच्या कार्यशाळांतही तीच थोड्याफार फरकाने चालते. विद्यार्थ्याचा ‘वाचन निर्देशांक’ तिप्पट झाला नाही तर शुल्क परत, अशी हमी असे. निर्देशांक म्हणजे मिनिटाला किती शब्द या आकड्याला आकलन चाचणीतल्या गुणांच्या टक्केवारीने गुणायचे. १९६५ मध्ये विल्यम लिडल यांनी वुड-पद्धत शिकलेल्यांची आणि न शिकलेल्यांची तुलना केली. ललितेतर मजकुरावर शिकलेल्यांना ६८ टक्के गुण मिळाले, न शिकलेल्यांना ७२. फरक किरकोळ वाटतो, वेग तर कितीतरी वाढलेला. म्हणजे पद्धत यशस्वीच म्हणायची. मग रोनाल्ड कार्व्हर यांनी तेच प्रश्न मजकूर न वाचलेल्या लोकांपुढे ठेवले. त्यांनाही ५७ टक्के गुण पडले. सामान्यज्ञान आणि अंदाज यांच्या बळावर निम्म्याहून अधिक उत्तरे बरोबर येत होती. आता हा आकडा निर्देशांकात घालून पाहा. मिनिटाला २५० शब्द वाचून ७२ टक्के मिळवणाऱ्याचा निर्देशांक १८०. मिनिटाला १,००० शब्दांच्या गतीने नुसती पाने उलटणाऱ्याला अंदाजाचे ५७ टक्के मिळाले, तर त्याचा निर्देशांक ५७०. न वाचताच तिपटीहून अधिक प्रगती, आणि शुल्क परत मागायला जागा नाही!

वेगाच्या मर्यादेचे एक कारण डोळ्यात आहे. पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जव्हाल यांच्या प्रयोगशाळेत १८७०च्या दशकाच्या अखेरीस दिसून आले की, वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत नाही. ती उड्या घेते आणि मध्ये मध्ये थांबते. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो. इंग्रजी वाचताना उडी सात ते नऊ अक्षरांची पडते. अक्षरे स्पष्ट दिसतात ती नेत्रपटलाच्या मध्यावरल्या एका लहानशा भागात. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढेच हे क्षेत्र. त्याबाहेर दृष्टी झपाट्याने धूसर होते. १९७५ पासून कीथ रेनर आणि जॉर्ज मॅकॉन्की यांनी संगणकाच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांतून इंग्रजी वाचकाच्या एका थांब्याचा आवाका ठरला : डावीकडे तीन-चार अक्षरे, उजवीकडे चौदा-पंधरा. एका नजरेत अख्खा परिच्छेद टिपण्याचा सराव करता येतो असे म्हणणे म्हणजे नेत्रपटलाची रचना सरावाने बदलते असे म्हणणे. शिवाय उड्यांत वाचनाच्या एकूण वेळापैकी जेमतेम दशांश वेळ जातो. बाकीचा वेळ शब्द ओळखण्यात आणि त्यांचा एकमेकांशी अर्थ लावण्यात जातो. डोळ्यांचा व्यायाम करून वाचवायला फारसे काही उरतच नाही.

वर्गात ज्या ‘वाईट सवयी’ मोडायला सांगतात, त्यांचीही तपासणी झाली आहे. मागे वळून पुन्हा वाचणे ही त्यातली पहिली. २०१४ मध्ये एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि रेनर यांनी नजर पुढे गेली की मागचे शब्द झाकले जातील अशी व्यवस्था केली. आकलन घसरले. वाचक मागे वळतो तो बहुधा वाक्य उमगले नाही म्हणून, आळसाने नव्हे. मनातल्या उच्चाराचेही तेच. तो दाबून टाकला तर सोप्या मजकुरावर फारसा परिणाम दिसत नाही. जिथे दोन वाक्ये जोडून निष्कर्ष काढायचा असतो तिथे दिसतो. २०१४ मध्येच गाजावाजा करून आलेल्या ‘स्प्रिट्झ’ या तंत्रात पडद्यावर एकाच जागी एकेक शब्द झळकत जातो. त्यात मागे वळण्याची सोयच काढून टाकलेली असते. मोबाइलवर एखादा छोटा निरोप वाचायला हे चालेल. करारनामा असा वाचण्याचे धाडस कुणी करू नये.

२०१६ मध्ये रेनर, शॉटर, मायकेल मॅसन, मेरी पॉटर आणि रिबेका ट्रीमन यांनी या साऱ्या संशोधनाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. वेग आणि अचूकता यांत देवाणघेवाण अटळ आहे. वेग खूप वाढवला की आकलन कमी होते, असा त्याचा निष्कर्ष. मार्क ब्रिसबर्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरीही येथे लक्षात घ्यावी : प्रौढ माणूस इंग्रजीतला ललितेतर मजकूर मनात वाचतो तो मिनिटाला सुमारे २३८ शब्दांच्या गतीने, कथात्म मजकूर २६० च्या. हजाराचे आकडे जाहिरातींत भेटतात. १९९८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईनंतर केव्हिन ट्रूडो यांना पाच लाख डॉलर भरावे लागले. दिशाभूल करणाऱ्या ज्या जाहिरातींवर ही कारवाई झाली, त्यांत ‘मेगा रीडिंग’ हा वाचनवेगाचा अभ्यासक्रमही होता.

तरीही वर्ग केलेल्यांना फायदा झाल्यासारखे का वाटते, याचे उत्तर मार्सेल जस्ट, पॅट्रिशिया कार्पेंटर आणि मॅसन यांच्या प्रयोगात सापडते. त्यांनी तीन गट घेतले : द्रुतवाचन शिकलेले (मिनिटाला सुमारे ७०० शब्द), काहीही न शिकता फक्त चाळायला सांगितलेले (सुमारे ६००) आणि नेहमीसारखे वाचणारे (सुमारे २५०). सोपा मजकूर ‘रीडर्स डायजेस्ट’मधला होता, अवघड ‘सायंटिफिक अमेरिकन’मधला. नेहमीसारखे वाचणारे सगळीकडे पुढे होते. शिकलेले आणि चाळणारे यांच्यात फरक पडला तो एवढाच की, सोप्या मजकुराचा एकूण आशय शिकलेल्यांना किंचित बरा सांगता आला. अवघड मजकुरावर तेवढेही नाही. उत्तर ज्या शब्दात दडले होते त्याच्या जवळपास नजर थांबली नसेल, तर द्रुतवाचकाला ते उत्तर येत नव्हते. थोडक्यात, हे चाळणेच.

चाळणे मात्र टाकाऊ नाही, आणि टीकाकार इथे जरा घाई करतात. जेफ्री डगन आणि स्टीफन पेन यांनी २००९ मध्ये दाखवले की वेळ अपुरा असताना मजकूर चाळणाऱ्याला त्यातले महत्त्वाचे मुद्दे, मिळाला तेवढाच भाग ओळीने वाचणाऱ्यापेक्षा अधिक चांगले लक्षात राहतात. शीर्षके, परिच्छेदांची पहिली वाक्ये, तक्ते आणि शेवटचा निष्कर्ष आधी पाहून बाकीचे वाचायचे की सोडायचे हे ठरवणे, ही कचेरीतल्या माणसाची खरी गरज. ती शिकवायला दुपारचे दोन तास पुरतात. त्यासाठी डोळे गरगर फिरवण्याचे व्यायाम लागत नाहीत.

उत्पादकतेचा हिशेब आता नीट मांडता येतो. मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या २०१२ च्या अहवालात ज्ञानाधारित काम करणाऱ्यांच्या आठवड्यातला २८ टक्के वेळ ईमेलमध्ये जातो, असा अंदाज होता. पण त्यात उत्तरे लिहिणेही आले, आणि उत्तर लिहिण्याआधी विचार करणेही. समजा, आठ तासांच्या दिवसात निव्वळ वाचन दोन तासांचे आहे आणि वेग पंचवीस टक्क्यांनी वाढला. १२० मिनिटांचे वाचन ९६ मिनिटांत उरकेल. हाती लागली २४ मिनिटे, म्हणजे दिवसाचा विसावा भाग, तोही आकलनात काहीच घट झाली नाही असे धरून. बँकेच्या शाखेत रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक वाचणाऱ्याच्या नजरेतून ‘वगळता’ किंवा ‘पर्यंत’ एवढा एक शब्द निसटला, तर ही २४ मिनिटे दुरुस्तीच्या पत्रव्यवहारात व्याजासह परत जातात. वाचन खरोखर कुठे अडते तर शब्दसंग्रहाशी आणि विषयाच्या माहितीशी. कर्जव्यवहारात दहा वर्षे मुरलेला अधिकारी करारनामा नवख्यापेक्षा झरझर वाचतो, कारण कोणते कलम नेहमीचे आणि कोणते वेगळे, हे त्याला दिसताक्षणी कळते.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पायऱ्यांनी करावे असे सुचवले : प्रशिक्षणार्थींना ते कसे वाटले, ते काय शिकले, कामावरचे वर्तन बदलले का आणि संस्थेला त्याचे फळ मिळाले का. द्रुतवाचनाच्या कार्यशाळेतली शेवटच्या तासाची चाचणी दुसऱ्या पायरीवरच थांबते. बहुतेकदा चाचणीचा मजकूर सुरुवातीच्या चाचणीपेक्षा सोपा असतो, आणि प्रश्न वर सांगितल्याप्रमाणे अंदाजाने सुटणारे.

मिनिटाला किती शब्द, हे माप मराठीला तर धड लागूही पडत नाही. सतरा भाषांतले समान उतारे मोठ्याने वाचून घेतलेल्या २०१२ च्या एका अभ्यासात इंग्रजीची सरासरी २२८ शब्द आली, फिनिशची १६१. फिन लोक संथ आहेत असा त्याचा अर्थ नव्हे. त्यांचे शब्द लांब असतात. ‘घरातल्यांनीसुद्धा’ हा मराठीत एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतील. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत मराठी माणूस दिवसभर वाचतो ते बहुतेक इंग्रजी, आणि दुसऱ्या भाषेतले वाचन स्वभाषेपेक्षा संथच होते. तिथे इंग्रजी शब्दसंग्रह वाढवणे हाच वेग वाढवण्याचा खात्रीचा मार्ग. भरभर, आशयापुरते वाचणे आपल्याकडे नवे नाही. दहावीच्या कुमारभारतीत त्यासाठी ‘स्थूलवाचन’ असा स्वतंत्र विभाग आहे. त्यात वेगाची बढाई नाही, हे बरे.

वाचणाऱ्याऐवजी लिहिणाऱ्याला शिकवण्याचा पर्याय कंपन्यांना सहसा सुचत नाही. ९ ऑगस्ट १९४० रोजी, ब्रिटनवर जर्मन विमाने घोंघावत असताना, विन्स्टन चर्चिल यांनी सरकारी कागद आखूड करण्याविषयी एक पानी टिपण काढले : मुद्दे छोट्या परिच्छेदांत, तपशील परिशिष्टात. ॲमेझॉनने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार करून जास्तीत जास्त सहा पानी निवेदनाची पद्धत आणली. बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात आणि मगच चर्चा होते; वाचनाला वेळ लागतो हे तिथे गृहीतच धरलेले आहे. मंत्रालयातल्या नस्तीतही टिप्पणी आणि पत्रव्यवहार असे दोन भाग असतात. विषय काय, नियम काय सांगतो, पूर्वी काय ठरले आणि आता आदेश कशावर हवेत, हे टिप्पणीत मांडलेले असते. ती नीट लिहिलेली असेल तर अवर सचिव, उपसचिव आणि सचिव यांना प्रत्येकी शे-दीडशे कागद उलटावे लागत नाहीत. ते कागद कक्ष अधिकाऱ्याने आणि त्याच्या सहायकाने आधी सावकाश वाचलेले असतात.